कॅम कुठला घालायचा? १८१७ सीसीच्या एका रोडस्टरचं प्रकरण

हे प्रकरण एका दोन आसनी उघड्या गाडीचं आहे. अलिबागजवळच्या चिंकारा मोटर्सने बनवलेली ही ‘रोडस्टर १.८ एस’, जुन्या लोटस सेव्हनच्या धर्तीची. लांब बॉनेट, बसायची जागा जवळजवळ मागच्या ॲक्सलवर, जोर मागच्या चाकांना. इंजिन अँबेसिडर १८०० आयएसझेडमधलं इसुझूचं: १८१७ सीसी, बोअर ८४ मिमी, स्ट्रोक ८२ मिमी, चार सिलिंडर आणि हेडमध्ये चेनवर चालणारा, व्हॉल्व्हची उघडझाप करणारा एकच कॅमशाफ्ट. टर्बो नाही, सुपरचार्जर नाही. पिस्टन ओढेल तेवढीच हवा आत येणार. अँबेसिडरमध्ये या इंजिनाची ताकद ७५ बीएचपीच्या घरात होती, पण अँबेसिडरचं वजन हजार किलोच्या वर. ही रोडस्टर वजनकाट्यावर सातशेच्या आसपास भरली. तीच ताकद इथे वेगळीच वाटते.

मालक तिशीतला. घरचा टॉवेलचा कारखाना सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत, आणि मागांची सगळी मेकॅनिकल बाजू तोच बघतो. यंत्रमागात शेड, म्हणजे ताण्याच्या धाग्यांतली फट, उघडायला टॅपेट असतात, त्यामुळे कॅमचं प्रोफाइल, ड्वेल, लिफ्ट हे त्याला पहिल्यापासून सांगावं लागलं नाही. तो आला तेव्हा त्याचं ठरलेलंच होतं.

“सर, मोठाच कॅम टाकू या. परत परत कोण इंजिन उघडणार? आणि आवाज पण तसा आला पाहिजे.”

त्याच्याकडे एक परदेशी कॅमकार्ड, म्हणजे कॅमची मापं छापलेला कागद, होतं. इसुझूच्या याच घराण्यातली इंजिनं ऑस्ट्रेलियात होल्डन जेमिनीत आणि अमेरिकेत शेव्हरोले लव्ह पिकअपमध्ये होती, म्हणून तिकडचे कॅम घासून देणारे त्यांचे प्रोफाइल अजून बाळगून आहेत. वडिलांची अट एकच होती, गाडी सात रस्त्याला सिग्नलवर बंद पडता कामा नये. ही अट मुलाला किरकोळ वाटत होती. मला ती या कामातली सगळ्यात नेमकी तांत्रिक मागणी वाटली, कारण कॅम निवडताना पहिला प्रश्न हाच असतो की इंजिन आपला बहुतेक वेळ कुठल्या आरपीएमवर घालवतं.

गाडी कुठे धावते

कॅमचं नाव काढायच्या आधी त्याला काही आठवडे गाडी नेहमीसारखी चालवायला सांगितलं, फक्त आरपीएमची नोंद ठेवणारं एक छोटं यंत्र लावून. आठवड्यातून दोन-तीनदा घर ते कारखाना. रविवारी पहाटे तुळजापूर, कधी अक्कलकोट, कधी हैदराबाद रोडने नळदुर्ग. शहरातून बाहेर पडताना ट्रॅक्टर, ऊसवाहतुकीच्या जोड-ट्रॉल्या, मध्येच आडवी येणारी मोटारसायकल. हायवेवर गाडी निवांत पाचव्या गिअरमध्ये.

नोंद बघितल्यावर चित्र साफ होतं. बहुतेक वेळ काटा १८०० ते ४२०० च्या दरम्यान. तुळजापूरचा घाट चढताना दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये तो ४८०० पर्यंत जायचा, पाच हजारांच्या वर अगदी क्षणभर. मालकाला स्वतःलाच याचं आश्चर्य वाटलं. उघड्या गाडीत, रस्त्यापासून हातभर उंचीवर बसून, साडेतीन हजार आरपीएमसुद्धा फार मोठे वाटतात.

आणलेल्या रेस कॅमचा पट्टा साधारण ४५०० च्या वर सुरू होऊन सात हजारांच्या पुढे जात होता. ८२ मिमी स्ट्रोकवर ७००० आरपीएमला पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला १९ मीटर होतो, ५५०० ला तो १५ मीटर असतो. रेससाठी बांधलेलं इंजिन १९ सहज सोसतं. पण मूळ कनेक्टिंग रॉड, मूळ बोल्ट आणि वयाने पिकलेले पिस्टन घेऊन तिथे रोज जाणं म्हणजे कॅमच्या खर्चावर पूर्ण इंजिनाचा खर्च ओढवून घेणं. शिवाय कार्बोरेटर आणि एक्झॉस्ट मूळचेच ठेवायचे होते. वरच्या आरपीएमला कॅमने दार उघडं ठेवलं तरी त्या कार्बोरेटरमधून तेवढी हवा यायला हवी ना.

तीन पर्याय

कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, पण अंश नेहमी क्रँकचे सांगतात. कॅमकार्डांची तुलना करताना लोक सर्वात जास्त फसतात ते ड्युरेशनच्या, म्हणजे व्हॉल्व्ह किती अंश उघडा राहतो त्या आकड्यावर. कुणी तो व्हॉल्व्ह जागचा हलल्यापासून मोजतो, कुणी १ मिमी लिफ्टपासून, कुणी १.२७ मिमीपासून. एकच कॅम एका कार्डावर २७० दिसतो आणि दुसऱ्यावर २२५. म्हणून सगळे पर्याय मी एकाच मापावर आणले, व्हॉल्व्ह ०.१५ मिमी उचलला गेल्यापासून परत तेवढ्यावर येईपर्यंत. खालचे सगळे आकडे त्याच मापाचे आहेत.

मूळ कॅम डिग्री व्हील लावून मोजला. इनटेक व्हॉल्व्ह टीडीसीच्या (पिस्टन सर्वात वर) १६ अंश आधी उघडतो आणि बीडीसीनंतर (पिस्टन सर्वात खाली) ५४ अंशांनी मिटतो, म्हणजे ड्युरेशन २५०. एक्झॉस्टही तेवढंच. दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे असण्याचा काळ, ओव्हरलॅप, ३२ अंश.

समोर तीन पर्याय होते. पहिला सौम्य: २६४ अंश, इनटेक आणि एक्झॉस्टच्या लोबमधलं (कॅमवरच्या उंचवट्यांमधलं) अंतर ११०, ओव्हरलॅप ४४, इनटेक मिटणार ६२ वर. दुसरा मधला, ज्याला परदेशात ‘फास्ट रोड’ म्हणून विकतात: २७८ अंश, अंतर १०९, ओव्हरलॅप ६०, मिटणार ६८ वर. तिसरा मालकाचा आवडता रेस कॅम: २९६ अंश, अंतर १०६, ओव्हरलॅप ८४, मिटणार ७४ वर.

ज्या आवाजासाठी लोक रेस कॅम मागतात तो आवाज या ८४ अंशांतून येतो. आयडलला एक्झॉस्टमधला जळका वायू ओव्हरलॅपच्या काळात उलटा इनटेकमध्ये शिरतो, पुढचा चार्ज नीट पेटत नाही, आणि इंजिन अडखळत ‘लोप-लोप’ चालतं. पीयूसीच्या नळीत न जळलेलं पेट्रोलही तिथूनच वाढतं. कार्बोरेटरच्या गाडीत आणखी एक अडचण आहे. मॅनिफोल्डमधला व्हॅक्यूम पडतो आणि आयडल जेटला पेट्रोल ओढायला पुरेसा जोर राहत नाही. मग मेकॅनिक स्लो स्क्रू पिळत बसतो आणि दोष कार्बोरेटरवर जातो.

माझ्या मते ओव्हरलॅपपेक्षाही निर्णायक आकडा इनटेक मिटण्याचा आहे, आणि तो कॅम विकणारे सर्वात लहान अक्षरात छापतात. पिस्टन खालून वर निघाला तरी इनटेक व्हॉल्व्ह उघडाच असतो. जोरात फिरणाऱ्या इंजिनात आत येणाऱ्या हवेला स्वतःचा वेग असतो, ती पिस्टनला न जुमानता भरत राहते, म्हणून उशिरा मिटणं फायद्याचं. हळू फिरणाऱ्या इंजिनात तीच हवा मागे ढकलली जाते. खरं कॉम्प्रेशन व्हॉल्व्ह मिटल्यावरच सुरू होतं.

हेड उघडलेलंच होतं, म्हणून डायल गेज लावून पिस्टन कुठल्या अंशाला किती वर आलाय ते प्रत्यक्ष मोजलं. ५४ अंशांना स्ट्रोकचा १५.६ टक्के भाग वाया गेलेला असतो, ६२ ला २०.५ टक्के, ६८ ला २४.६, आणि ७४ ला २९. मूळ कॉम्प्रेशन रेशो ८.५. मूळ कॅमवर प्रत्यक्ष उरणारा रेशो त्यामुळे ७.३ येतो. हेडला हात न लावता सौम्य कॅम घातला तर तो ७.० होतो, मधल्याने ६.७, आणि रेस कॅमने ६.३. या शेवटच्या आकड्यावर गाडी सात रस्त्याला पहिल्या गिअरमध्ये कशी उठेल हे वेगळं सांगायला नको. वडिलांच्या अटीचं गणित हेच होतं.

हा तोटा हेड फेसिंग करून, म्हणजे हेडचा तळ घासून, भरता येतो. एका सिलिंडरचं आकारमान ४५४ सीसी, म्हणजे ८.५ रेशोला ज्वलनकक्ष साधारण ६०.६ सीसी. आमच्या मोजणीत हेडचा १ मिमी घेतला की साडेचार सीसी कमी होत होते आणि रेशो ९.१ वर जात होता. तिथे सौम्य कॅमचा प्रत्यक्ष रेशो ७.४, म्हणजे मूळपेक्षा किंचित जास्तच. मधल्याचा ७.१. रेस कॅमला मूळ गाडीइतका जोर खाली टिकवायचा तर रेशो ९.९ पर्यंत न्यावा लागेल, म्हणजे हेडचे दोन मिमीपेक्षा जास्त काढावे लागतील. तेवढं काढल्यावर त्या हेडचा भरवसा मी देणार नव्हतो.

हे सगळं मालकाला कारखान्याच्या ऑफिसात, ऑर्डरच्या वहीच्या मागच्या पानावर मांडून दाखवलं. रेस कॅम तिथेच गळाला. तो जरा हिरमुसला, पण आकडे त्याने स्वतः परत करून बघितले. उरले दोन, आणि त्यातल्या मधल्याकडे त्याचा ओढा होता. खरं सांगायचं तर माझाही होता. २७८ अंशांचा कॅम या गाडीला शोभला असता. खाली थोडं गमावून चार हजारांच्या वर बरंच मिळालं असतं, आणि घाटात तेच हवं होतं.

धातूचा निकाल

सोलापूरची ओळख चादर आणि टॉवेलची, पण मोटारीच्या धंद्यातल्या माणसाला हे गाव कॅमशाफ्टसाठी ठाऊक असतं. १९९२ साली इथे सुरू झालेली प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही कंपनी अक्कलकोट रोड आणि चिंचोळी एमआयडीसीतून देशातल्या आणि परदेशातल्या मोटार कंपन्यांना कॅमशाफ्ट पुरवते. त्यामुळे कॅम म्हणजे काय, तो कसा ओतायचा, कुठे कडक आणि कुठे मऊ असायला हवा, हे हाताला माहीत असलेली माणसं या शहरात घरोघर सापडतात. आमच्या कामात असे एक काका होते. आयुष्य कॅम ग्राइंडिंगवर काढलं, आता ओळखीच्या एका वर्कशॉपमध्ये ट्रॅक्टर-ट्रकचे कॅम परत घासून देतात.

मालकाला वाटत होतं की कॅम ग्राइंड करणं म्हणजे लोब वाढवणं. लोबवर धातू चढवला जात नाही, घासून फक्त काढता येतो. लिफ्ट आणि ड्युरेशन वाढवायचं तर लोबचा गोल भाग, ज्याला बेस सर्कल म्हणतात, तो खाली उतरवायचा. टोक जवळपास तिथेच राहतं, पाया खोल जातो, आणि दोघांतला फरक वाढतो. सौम्य कॅमसाठी बेस सर्कलची त्रिज्या ०.७ मिमीने उतरवावी लागणार होती, मधल्यासाठी १.४ मिमीने.

काकांनी कॅम हातात घेतला, टोकावर नख फिरवलं आणि म्हणाले, “हा चिल्ड कास्ट आहे. वरचं कवच आहे तोवर ठीक. आत गेलात की आत बीडच आहे.”

चिल्ड कास्ट आयर्नच्या कॅममध्ये ओतताना वाळूच्या साच्यात लोबच्या जागी लोखंडी चिल बसवलेले असतात. त्यांना टेकलेला रस झटकन थिजतो आणि तिथे पांढरं, अतिशय कठीण बीड (ओतीव लोखंड) तयार होतं. आतला भाग सावकाश थंड होतो आणि साधं करडं बीड राहतो, कातकामाला मऊ. गाडी लाखभर किलोमीटर चालते ती या पांढऱ्या कवचावर. ते कवच किती जाड, हे बाहेरून कळत नाही आणि कुठल्याही कॅमकार्डावर लिहिलेलं नसतं.

म्हणून एक कॅम कापला. जुन्या बाजारात अँबेसिडरच्या त्याच इंजिनाचा, जर्नल खराब झालेला कॅम भंगाराच्या भावात मिळाला. एक लोब आडवा कापून, पॉलिश करून, त्यावर नायटल फिरवलं. या द्रावणाने पांढरं बीड उजळ राहतं आणि करडं काळपट पडतं, सीमा डोळ्यांनी दिसते. टोकाला कवच भरपूर जाड होतं. बाजूंवरून खाली येत ते पातळ होत गेलं, आणि बेस सर्कलपाशी जेमतेम दोन मिमी, तेही एकसारखं नाही. एका बाजूला तर दीड मिमीच्या आतच काळपट छटा सुरू झालेली. कापलेल्या तुकड्यावर वेगवेगळ्या खोलीला रॉकवेलने कठीणपणा मोजला: ०.७ मिमी आत अजून भरवशाचा होता, १.४ मिमीवर काही ठिकाणी तो चाळीसच्या खाली उतरला.

बेस सर्कलवर भार नसतो, मग तिथे मऊ लागलं तर काय बिघडलं, असं मालकाने विचारलं. प्रश्न बरोबर होता. गोल भागावर खरोखरच भार नसतो, तिथे लोब आणि त्याचा धक्का व्हॉल्व्हपर्यंत नेणारा रॉकर यांच्यामध्ये क्लिअरन्स असतो. पण लोबचा चढ, म्हणजे रॅम्प, तिथूनच उठतो. प्रत्येक फेरीत तो क्लिअरन्स संपून रॉकर लोबवर आदळतो तो नेमका त्याच जागी, आणि प्रोफाइल जितकं झपाट्याने उघडणारं तितका तो आघात मोठा. मऊ रॅम्प आधी चकचकीत होतो, मग खड्डे पडतात, मग त्याची भुकटी तेलातून बेअरिंगकडे जाते. मधल्या कॅमला स्प्रिंगही जास्त ताकदीच्या लागणार होत्या, म्हणजे त्याच पातळ कवचावर आणखी दाब.

यावर उपाय होते. नवा ब्लँक ओतून घ्यायचा, किंवा पोलादी बारमधून पूर्ण कॅम कातून, कठीण करून घासायचा. एका नगासाठी पॅटर्न, कोअर बॉक्स आणि चिल बनवायला कुणी तयार होत नाही, आणि झालं तरी ती किंमत त्या एका कॅमवरच पडते. पोलादी कॅम शक्य होता, पण मग रॉकरचे पॅड त्या धातूशी जुळणारे हवेत, नाहीतर दोन्ही एकमेकांना खातात. परदेशातून आणलेला कॅमही बहुधा जुन्या कॅमवरच घासलेला असणार. त्याचं कवच किती उरलंय ते तिथून आलेल्या फोटोवरून कसं ठरवायचं?

अशा रीतीने २६४ अंशांचा सौम्य कॅम ठरला. कागदावर मधला थोडा सरस होता. पण हातात असलेला धातू ०.७ मिमीपर्यंत साथ देत होता, त्यापुढे नाही. काकांनी आणखी एक गोष्ट सुचवली जी मला फार पटली. एकाच शाफ्टवर इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही असल्याने लोबमधलं अंतर एकदा घासल्यावर कायमचं. दोन शाफ्टच्या इंजिनात ते नंतर बदलून बघता येतं, इथे नाही. म्हणून ते ११० वरच ठेवा, १०८ करायचा मोह नको, आयडल शांत राहील.

घासणं आणि बसवणं

घासल्यावर कॅमचं फॉस्फेटिंग करून घेतलं, म्हणजे पृष्ठभाग तेल धरून ठेवतो. रॉकरचे पॅड नव्याने घासले. हे बरेच जण टाळतात. जुन्या कॅमवर झिजून बसलेला पॅड नव्या लोबवर कडेनेच टेकतो आणि पहिल्याच तासात लोब जातो. बेस सर्कल उतरल्यामुळे रॉकर खाली झुकतो, त्याची टेकण्याची रेषा पॅडवर सरकते. मार्करने पॅड रंगवून, इंजिन हाताने फिरवून घासलेला पट्टा बघितला. तो पॅडच्या मध्यातच होता. मधल्या कॅमला तो कडेकडे गेला असता.

हेडचा एक मिमी काढला. इथे चेनच्या इंजिनात एक गोष्ट हमखास विसरली जाते. हेड खाली आलं की कॅम क्रँकच्या जवळ येतो, चेनच्या ताणलेल्या बाजूची लांबी मात्र तेवढीच, त्यामुळे कॅम मागे पडतो. ६० मिमी त्रिज्येच्या स्प्रॉकेटवर एक मिमी म्हणजे क्रँकचे जवळपास दोन अंश. इनटेक लोबचं टोक टीडीसीनंतर ११० अंशांवर यावं असा घासलेला कॅम बसवल्यावर ११२ वर भरला. लोबमधलं अंतर ११० च ठेवून आम्हाला ते टोक १०८ वर हवं होतं, म्हणजे इनटेक ६० अंशांना मिटेल आणि प्रत्यक्ष रेशो साडेसातपर्यंत जाईल. क्रँकचे चार अंश म्हणजे कॅमचे दोन. स्प्रॉकेटची डॉवेल पिन केंद्रापासून २० मिमीवर होती, तिथे दोन अंश म्हणजे ०.७ मिमी. तेवढी सरकवलेली ऑफसेट डॉवेल लेथवर करून घेतली. चेन आणि टेन्शनर अर्थातच नवे.

टीडीसी क्रँक पुलीच्या खुणेवरून धरली नाही. स्पार्क प्लगच्या जागी स्टॉप लावून, दोन्ही बाजूंनी पिस्टन टेकवून मधला बिंदू काढला. इनटेक आणि एक्झॉस्टच्या खाली पिस्टनवर प्लॅस्टिसिन ठेवून इंजिन दोन फेऱ्या हाताने फिरवलं, मग कापून जाडी मोजली. इनटेकला किमान २ आणि एक्झॉस्टला २.५ मिमी हवी असते. दोन्हीकडे ती आरामात होती. स्प्रिंग पूर्ण दबल्यावर कॉइल एकमेकांना टेकायला एक मिमीपेक्षा जास्त जागा होती, म्हणून मूळ मापाच्याच पण नव्या स्प्रिंग घातल्या. टॅपेटचा क्लिअरन्स मात्र गाडीच्या पुस्तकातला ठेवला नाही. तो नव्या रॅम्पच्या उंचीवरून येतो, आणि काकांनी तो कॅमसोबत चिठ्ठीवर लिहून दिला होता.

सध्याच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. सोलापूर जिल्ह्यातल्या माणसाला ते कुठून येतं ते सांगायला नको, साखर कारखान्यांच्या धुराड्यांमधूनच आपण ये-जा करतो. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, म्हणजे तेवढ्याच हवेत पेट्रोल जास्त सोडावं लागतं. या कार्बोरेटरचा मेन जेट कॅमच्या आधीपासूनच लहान पडत होता. तो एक माप मोठा केला आणि रबरी होस इथेनॉल सोसणाऱ्या घातल्या.

पहिला स्टार्ट जानेवारीत, सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत झाला. लोबवर मॉलिब्डेनमची पेस्ट, तेल २०डब्ल्यू-५०. नव्या पातळ ग्रेडच्या तेलांत फॉस्फरसवर मर्यादा असते, आणि घासत चालणाऱ्या रॉकरला तेच झिंक-फॉस्फरस वाचवतं. इंजिन पेटल्याबरोबर आयडलला न ठेवता २००० ते २५०० च्या दरम्यान वीस मिनिटं चालवलं. मालकाला हे कठीण गेलं, त्याला आयडल ऐकायचं होतं. पण आयडलला लोबवर तेल कमी उडतं आणि टोकावरचा दाब सर्वात जास्त असतो. नवा कॅम मरतो तो तिथे.

निकाल

आयडल ९०० वर स्थिर बसलं, आधीपेक्षा शंभरेक जास्त. आवाजात किंचित भारदस्तपणा आला, अडखळणं नाही. पीयूसी पहिल्या खेपेला निघालं. तुळजापूर रोडच्या त्याच सपाट पट्ट्यावर, तशाच थंड सकाळी, तिसऱ्या गिअरमध्ये ४० ते ८० ला जीपीएसवर आधी ६.८ सेकंद लागत होते, आता ६.१. मालकाला मात्र त्याहून जास्त फरक घाटात जाणवला. आधी ४५०० ला इंजिन थकल्यासारखं व्हायचं आणि गिअर टाकावा लागायचा; आता ते ५२०० पर्यंत ओढत राहतं, एक वळण त्याच गिअरमध्ये निघतं. सात रस्त्याला पिकअप आधीपेक्षा चांगलाच आहे, आणि त्याचं श्रेय कॅमइतकंच हेड फेसिंगला आणि त्या चार अंशांना आहे. नुसता कॅम बदलला असता तर हे झालं नसतं.

मे महिन्यात परत तपासलं. सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटरवर. ४२ अंशांच्या दुपारी इथल्या हवेची घनता, १५ अंशांच्या समुद्रकाठच्या हवेच्या तुलनेत, तेरा टक्क्यांनी कमी भरते. ताकद तेवढी उतरतेच, कुठलाही कॅम ती परत आणत नाही. म्हणून परदेशी कॅमकार्डावरचे बीएचपी इथल्या उन्हाळ्यात दिसतील अशी अपेक्षा धरू नये. त्या उष्णतेत तिसऱ्या गिअरमध्ये दोन हजारांवरून पूर्ण थ्रॉटल दिल्यावर हलकं नॉकिंग ऐकू आलं. प्रत्यक्ष रेशो मूळपेक्षा थोडा वर नेल्याची ती किंमत होती. इग्निशन दोन अंश मागे घेतल्यावर ते गेलं. हिवाळ्यात परत पुढे घेता येईल, डिस्ट्रिब्युटरवर दोन्ही जागांना खुणा करून ठेवल्या आहेत.

पहिल्या हजार किलोमीटरनंतर कव्हर उघडून टॅपेट मोजले. आठपैकी सात जागच्या जागी, चौथ्या सिलिंडरच्या एक्झॉस्टचा क्लिअरन्स ०.०३ मिमीने वाढलेला. लोबवर खड्डा नाही, पॅडवर ओरखडा नाही, तेलाच्या फिल्टरमध्ये चमक नाही. काकांच्या मते पॅड बसल्याचाच तो फरक आहे. तरी त्या एका लोबवर लक्ष आहे; पुढच्या तेलबदलाला तोच आधी मोजायचा, आणि परत वाढलेला निघाला तर कॅम काढून त्याचा कठीणपणा तपासायचा असं ठरलंय. मालकाने दरम्यान मोठ्या कार्बोरेटरची चौकशी सुरू केली आहे. त्याला परत आरपीएमची नोंद ठेवायला सांगितलंय, या वेळी नव्या कॅमवर.